मे महिन्याचे ऊन तण मारत नाही, तण उठवते

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



रोहिणी नक्षत्र तोंडावर आले आहे. तुमच्यापैकी निम्म्यांची वखरणी झाली असेल, निम्म्यांची व्हायची असेल. बियाण्याची उधारी, खताची उधारी, सोसायटीचे कर्ज नवे-जुने करण्याची धावपळ, यातून वेळ काढून तुम्ही इथे आलात. म्हणून आज मोठ्या गोष्टी बोलायच्या नाहीत. आज बोलायचे ते तणाच्या बियाविषयी. हा विषय लहान वाटतो. पण आपल्या हंगामाचा हिशेब मांडायला बसलो की पेरणी ते वेचणी यांच्या मधल्या काळात सगळ्यात मोठा खड्डा पडतो तो निंदणाचा. घरात दाणा नाही, हातात पैसा नाही, पीक वीतभर आहे आणि नेमक्या त्याच दिवसांत मजुरीचे पैसे रोख मोजावे लागतात. ‘तण खाई धन’ असे आपण म्हणतो. ते धन आपले नसतेच. ते शेकडा दराने आणलेले असते.

आधी आमची एक चूक कबूल करतो.

आम्ही शेतकी कॉलेजात चार वर्षे काढली. पदवी घेऊन बाहेर पडलो आणि गावोगाव सांगत फिरलो, ‘उन्हाळ्यात खोल नांगरट करा, जमीन तापू द्या, तणाचे बी उन्हाने जळून जाईल.’ पुस्तकात तसे वाचले होते, मास्तरांनी तसे सांगितले होते, परीक्षेत तसे लिहून गुणही मिळाले होते. दारव्ह्याकडच्या एका गावात एका बाईने आमचे ऐकले. घरी बैल नव्हते, म्हणून भाड्याने ट्रॅक्टर लावला. दोनदा नांगरट केली, मे महिनाभर ढेकळे तापवली. मृगाचा पाऊस पडला आणि आठ दिवसांत तिच्या वावरात तरोट्याचा गालिचा अंथरल्यासारखा झाला. शेजारच्या न नांगरलेल्या वावरापेक्षाही दाट. पुढच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘साहेब, ऊन तर लई तापलं. मंग बी जळालं का नाही?’

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला काही वर्षे लागली. ते आज तुमच्यासमोर मांडतो.

कोरडे बी आणि ओले बी

मे महिन्यात विदर्भात हवेचे तापमान ४४-४५ अंशांवर जाते. ते सावलीतले. उघड्या काळ्या जमिनीचा वरचा पापुद्रा दुपारी ६० अंशांच्याही वर तापतो. अनवाणी पायाने वावरात गेलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मग एवढ्या भट्टीत बी मरत का नाही?

उत्तर तुमच्या घरातच आहे. ज्वारीचे बियाणे आपण कडक उन्हात वाळवतो, मग कणगीत भरतो. ते मरते का? उलट जास्त टिकते. पण तीच ज्वारी भिजवली, मोड येऊ दिले आणि मग तापलेल्या पत्र्यावर टाकली, तर तासाभरात संपते. कोरडे बी म्हणजे दार-खिडक्या बंद करून झोपलेले घर. आत पाणी नाही, हालचाल नाही, म्हणून उष्णतेने बिघडण्यासारखे फारसे काही चालू नाही. बियात पाणी शिरले की आतला संसार सुरू होतो आणि मग ५०-५५ अंशांची उष्णता त्याला सोसत नाही.

म्हणजे नियम असा: ओल्या बियाला उष्णता मारते, कोरड्या बियाला उष्णता जागे करते. आजच्या भाषणातले एवढे एकच वाक्य घरी नेले तरी चालेल. बाकीचे सगळे या वाक्याचेच स्पष्टीकरण आहे.

उष्णता बियाला जागे कशी करते?

तरोट्याचे बी हातात घेऊन पाहा. गुळगुळीत, टणक. पाण्यात टाकले तर दिवसेंदिवस तसेच पडून राहते, फुगत नाही. कारण त्याच्या टरफलातून पाणी आत जातच नाही. सुबाभळीचे बी असेच असते. सुबाभळीची रोपे केलेल्या मंडळींना माहीत आहे की ते बी पेरण्याआधी गरम पाण्यात टाकावे लागते, नाही तर शेकड्यात थोडेच उगवते. गरम पाण्याने टरफलाची एक नाजूक जागा उघडते आणि आत पाणी शिरायला वाट होते.

सुबाभळीला आपण जे गरम पाण्याने करतो, तेच तरोट्याला मे महिन्याचे ऊन फुकट करून देते. त्यातही नुसत्या उष्णतेपेक्षा दिवस-रात्रीच्या फरकाचे काम मोठे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखीच कोरडवाहू शेती आहे. तिथल्या क्विनलिव्हन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ साली असे टणक बी घेऊन प्रयोग प्रसिद्ध केले. बी सतत एकाच तापमानात ठेवले तर टरफल फारसे बधले नाही. पण रोज १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत आणि परत खाली, असे हेलकावे दिले तेव्हा टरफले उघडू लागली. लोखंडाची तार एकदाच वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. तसेच हे.

आता आमची चूक तुमच्या लक्षात आली असेल. त्या बाईने खोल नांगरट केली. खाली गाडलेले जुने बी वर आले. महिनाभर ते दिवसा तापले, रात्री निवले. टरफले उघडी पडली. वरून मृगाचा पाऊस आला. आम्ही तिला तण मारायला सांगितले होते. प्रत्यक्षात तिने तणाच्या बियावर बीजप्रक्रिया केली आणि ट्रॅक्टरचे भाडे वर दिले.

सगळ्या तणांचे टरफल असे टणक नसते. कित्येक गवतांचे आणि रानमाठासारख्या तणांचे बी दिवाळीच्या सुमारास गळते तेव्हा ते कच्च्या झोपेत असते. ओल असली तरी उगवत नाही. नवा बटाटा काढला की लगेच डोळे फुटत नाहीत, पसऱ्या भुईमुगाचे ताजे बी लगेच उगवत नाही, तशीच ही झोप. कोरड्या उन्हाळ्यात ही झोप हळूहळू उतरते. बी मे अखेरीला तयार होऊन पावसाची वाट पाहत बसते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत वावर एकदम हिरवे होते, त्याचे कारण हे आहे. आपण म्हणतो ‘पावसाने तण आले.’ पाऊस फक्त दार वाजवतो. आतल्याला उठवून बसवायचे काम उन्हाळ्याने आधीच केलेले असते.

तण माल राखून ठेवते

पण त्यातही तण हुशार आहे. सगळे बी एकदम उगवत नाही. थोडे या वर्षी, थोडे पुढच्या वर्षी, थोडे दहा वर्षांनी. अमेरिकेत मिशिगनमध्ये बील नावाच्या प्राध्यापकाने १८७९ साली तणाचे बी आणि वाळू भरून २० बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि काय उगवते ते पाहायचे. बील वारले, पुढची पिढी आली, तीही गेली, प्रयोग चालूच राहिला. २०२१ साली बाटली काढली तेव्हा १४२ वर्षांनंतरही काही बी उगवले.

आपण कापूस दिवाळीआधी विकतो, कारण घेणेकरी दारात उभा असतो. माल ठेवायला जागा नाही, थांबायला पैसा नाही. तणाचे तसे नाही. त्याचे गोदाम आपल्याच जमिनीत, भाडे शून्य, व्याज शून्य. भाव येईपर्यंत ते माल काढत नाही. आणि त्याचा भाव म्हणजे काय? योग्य ओल, योग्य तापमान आणि थोडा उजेड.

खोल नांगरट केली की या वर्षी गळालेले बी आपण गोदामात खाली सुरक्षित ठेवतो आणि दहा वर्षांपूर्वीचे वर काढतो. वरच्या दोन बोटांत पडलेले बी मुंग्या नेतात, पाखरे खातात, अवकाळी पावसाने उगवून वाळून जाते. खोल पुरलेले बी मात्र टिकते.

उन्हाळी नांगरट वाईट असे आम्ही म्हणत नाही. हराळीच्या काड्या, कुंद्याचे गड्डे उघड्यावर येऊन सुकतात. अळ्यांचे कोष उघडे पडतात. जमीन कडक झाली असेल तर पाणी मुरायला मदत होते. ज्या वावरात हराळी-कुंदा मातला आहे तिथे नांगरट जरूर करा. पण तरोटा, माठ, घोळ असल्या बियांच्या तणासाठी भाड्याचा ट्रॅक्टर लावू नका. तो पैसा वाया जातो, आणि उलट निंदणाचा खर्च वाढतो.

बियाला खोली कशी कळते?

एक प्रश्न आम्हाला फार दिवस सतावत होता. रानमाठाचे बी मोहरीपेक्षा बारीक. चार बोटांच्या खालून ते उगवले तर वर येईपर्यंत शिदोरी संपून मरेल. मग आपण किती खोल आहोत हे त्याला कळते कसे?

जमिनीच्या वरच्या थरात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो. वीतभर खाली तो दोन-चार अंशांवर येतो. हातभर खाली दिवस आणि रात्र जवळपास सारखेच. बारीक बियाच्या पुष्कळ तणांना हा फरकच उगवण्याची खूण असतो. फरक मोठा म्हणजे आपण वर आहोत आणि डोक्यावर पिकाची सावलीही नाही. फरक नाही म्हणजे खोल आहोत किंवा वर कुणाची तरी सावली आहे, गप्प राहावे. लव्हाळ्याच्या गाठींचेही तसेच. दिवस-रात्रीचा फरक मिळाला की जास्त गाठी फुटतात.

जमिनीच्या वरच्या थराचा हा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. पुण्याच्या हवामान खात्यात १९३२ साली शेती-हवामानाचा विभाग सुरू झाला. डॉ. एल. ए. रामदास तिथले प्रमुख होते. तिथे काळ्या जमिनीवर खडूची पांढरी भुकटी नुसती पातळ पसरून पाहिली, तर खालची जमीन कित्येक अंशांनी थंड राहिली. जमिनीच्या वरचे पांघरूण बदलले की जमिनीचे तापमान बदलते. तापमान बदलले की कोणते बी उठणार आणि कोणते झोपणार, तेही बदलते.

म्हणून आम्ही हे तीन घमेले आणले आहेत. मागे बसलेल्यांनी नंतर पुढे येऊन पाहावे. तिन्ही घमेल्यांत एकाच वावरातली वरच्या दोन बोटांची माती आहे. महिनाभरापूर्वी तिन्हींत सारखेच पाणी घातले. पहिले उघडे ठेवले. पाहा, हिरवेगार आहे. दुसऱ्यावर ज्वारीच्या धांड्याच्या तुकड्यांचा जाड थर टाकला. त्यात तुरळक उगवले आहे. माती निवलेली राहिली, फरक कमी झाला, उजेडही पोचला नाही. तिसऱ्यावर माती ओली असतानाच पारदर्शक प्लास्टिक घट्ट बांधून उन्हात ठेवले. त्यात एकही कोंब नाही. पहिल्या आणि तिसऱ्या घमेल्याला ऊन तेच, माती तीच, पाणी तेच. फरक एवढाच की तिसऱ्यात बी ओले असताना कोंडून तापले.

हे प्लास्टिकचे तंत्र इस्रायलमध्ये काटान नावाच्या शास्त्रज्ञाने १९७६ साली जगापुढे मांडले. भर उन्हाळ्यात जमीन भिजवायची, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवायचे. पंधरा एकर कोरडवाहू कपाशीसाठी हे परवडणारे नाही. उगाच कुणाच्या सांगण्यावरून करू नका. पण मिरचीची, वांग्याची, कांद्याची रोपे ज्या दोन वाफ्यांत टाकता, तेवढ्यापुरते करून पाहा. नंतर ती जागा खोल उकरू नका, नाही तर खालचे जिवंत बी पुन्हा वर येईल. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र याला फारशा दाद देत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

गहू-हरभऱ्याचे तण जूनमध्ये का दिसत नाही?

चाकवत आपल्याला हिवाळ्यात दिसते, तरोटा आणि घोळ पावसाळ्यात. दोघांचे बी एकाच मातीत असते. जूनच्या गरम ओल्या मातीत चाकवत गप्प राहते आणि जमीन निवली की उठते. प्रत्येक तणाला आपली किमान उष्णता असते, कमाल असते आणि या दोहोंच्या मध्ये त्याला मानवणारी असते. गाजरगवताची मर्यादा मात्र फार ऐसपैस. १९५५ साली ते पुण्यात प्रथम नजरेत आले आणि बघता बघता देशभर पसरले. त्याचे एक कारण हेच, की ओल मिळाली तर ते वर्षातल्या जवळपास कोणत्याही महिन्यात उगवते. त्याला नक्षत्र लागत नाही.

याचा उपयोग पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी करून घेतला. तिथल्या गव्हात गुल्लीडंडा नावाचे गवत माजते. एकाच तणनाशकावर वर्षानुवर्षे विसंबल्यामुळे १९९० च्या दशकात त्या तणनाशकाला ते दाद देईनासे झाले. या गवताला उगवायला गारवा लागतो, साधारण १० ते २० अंश. मग कित्येकांनी गहू लवकर, ऑक्टोबर अखेरीला, जमीन अजून उबदार असतानाच, न नांगरता पेरायला सुरुवात केली. गहू उगवतो, गवत उबेमुळे मागे राहते, आणि ते जागे होईपर्यंत गव्हाने जमीन झाकलेली असते. औषधाचा नवा डबा न आणता नुसत्या तारखेने तणावर मात करता येते, हे त्यातून शिकायचे.

आपल्याला खरिपात हे जसेच्या तसे करता येत नाही. कारण कपाशी, ज्वारी आणि खरिपाची तणे या सगळ्यांना एकच ऊब मानवते, २५ ते ३५ अंशांच्या आसपासची. तापमानाने आपण त्यांना वेगळे करू शकत नाही. पण त्यांना आधी उठवून मारू शकतो.

कोणत्या वावरात काय करायचे?

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, उन्हाळ्याने तयार झालेले बी उठले, आठ-दहा दिवसांत दोन पानांवर आले, वाफसा आला, वखराची एक उथळ पाळी दिली आणि मग पेरले, तर त्या वर्षीच्या तणाची पहिली आणि सगळ्यात मोठी फौज पेरणीआधीच मेली. हे खरे आहे. शास्त्रज्ञ हेच सांगतात आणि आपले म्हातारेही ‘एक पाळी मारून मग पेर’ असेच सांगत होते.

पण कोरडवाहूत दहा दिवस थांबणे म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला माहीत नसते. थांबलो आणि पाऊस लागून राहिला, तर काळ्या जमिनीत वखर चालत नाही, पेरणीही होत नाही. थांबलो आणि पाऊस उघडला, तर ओल उडते. कपाशीला उशीर म्हणजे शेवटच्या बोंडांना ओल नाही. ज्वारीला उशीर म्हणजे खोडमाशी. म्हणून ‘सगळ्यांनी थांबा’ असे आम्ही सांगणार नाही. एकदा पुस्तकातले सांगून एका बाईचे नुकसान केले, तेवढे पुरे.

आम्ही म्हणतो, वावरांची वाटणी करा. तुमची चार वावरे असतील तर त्यांतले कोणते गेल्या साली तणाने माखले होते, हे तुम्हाला पाठ आहे. जिथे गेल्या वर्षी तण बीवर येऊ दिले नाही, त्या स्वच्छ वावरात ज्वारी आणि कपाशी पहिल्या वाफशावर पेरा. तिथे थांबायची गरज नाही. माखलेले वावर शेवटी घ्या. तिथे तण उठू द्या, एक पाळी मारा, जमले तर दुसरी मारा आणि मग तूर पेरा, ती थोडा उशीर सोसते. तिथेच कपाशी लावायची असेल तर चौफुलीवर टोबा, म्हणजे डवरा उभा-आडवा दोन्हीकडून चालेल आणि बायांच्या हाती फक्त झाडाजवळचे तण उरेल. माखलेल्या वावरात धूळपेरणी तर मुळीच करू नका. धूळपेरणीत कपाशी आणि तण एकाच पावसावर, एकाच दिवशी उठतात, आणि वखराची पाळी द्यायची संधी हातची जाते.

पाळी उथळच द्या, दोन बोटांची. वखर खोल गेला की खालचे नवे बी वर येते आणि केलेले काम फुकट जाते. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस झाला तर त्याला नुसत्या शिव्या देऊन बसू नका. त्यावर उठलेले तण एका उथळ पाळीत संपवता येते. ती वखरणी मृगानंतरच्या निंदणापेक्षा कितीतरी स्वस्त.

पेरणीनंतर कपाशीचे पहिले दोन महिने आणि ज्वारीचा पहिला महिना-दीड महिना एवढीच खरी लढाई आहे. पिकाने ओळी झाकल्या की खालची माती दिवसा कमी तापते, रात्री कमी निवते आणि नवे बी उठायचे प्रमाण घटते. विरळ पीक, तुटाळी पडलेले पीक हे तणाला आमंत्रण असते. म्हणून तुटाळी लवकर भरा.

तणनाशकाविषयी विचारणा होते. पेरणीनंतर लगेच जमिनीवर फवारायचे पेंडिमिथॅलिनसारखे औषध उगवत्या कोंबावर काम करते. झोपलेल्या बियाला ते शिवत नाही. तापलेल्या कोरड्या मातीवर मारले तर त्यातले बरेच उन्हाने आणि हवेने उडून जाते. ओल असताना मारले तरच पैसे वसूल. ग्लायफोसेट हिरव्या पानावर काम करते, जमिनीतल्या बियावर नाही. दुकानदार यातले काहीही सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

टारफुला आणि कपाशी

ज्वारीवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट शिल्लक आहे. टारफुल्याचे बी धुळीसारखे. एका झाडाला हजारोंनी, कधी लाखाच्या घरात बी येते आणि ते दहा वर्षेही टिकते. त्याला उगवायला तीन गोष्टी लागतात. आधी आठवडा-दोन आठवडे उबदार ओल. मग ३० अंशांच्या आसपासचे तापमान. आणि शेवटी ज्वारीच्या मुळातून पाझरणाऱ्या एका रसायनाची हाक. हाक आली तरच ते उगवते, कारण दुसऱ्याच्या मुळाला चिकटल्याशिवाय ते जगू शकत नाही.

अमेरिकेत १९५६ साली टारफुल्याचा भाऊबंद मक्यात सापडला आणि तिथले सरकार खडबडून जागे झाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी हाक देणारे रसायन १९६६ साली वेगळे काढले. ते कशातून काढले असेल? कपाशीच्या मुळांतून! कपाशीवर टारफुला वाढू शकत नाही. पण कपाशीचे मूळ हाक मात्र देते. टारफुल्याचे बी फसते, उगवते, चिकटायला जागा मिळत नाही आणि चार दिवसांत मरते.

आपले वाडवडील एकाच वावरात एक साल ज्वारी, एक साल कपाशी घेत होते. त्यांना रसायनाचे नाव माहीत नव्हते, पण फेरपालटाने टारफुला आटतो हे दिसत होते. ज्या वावरात टारफुला आहे तिथे दोन-तीन साल कपाशी घ्या, आणि ज्वारीत दिसेल ते झाड फुलावर यायच्या आत उपटा.

शेवटी उकिरडा

आपल्या घरातून वावरात सगळ्यात जास्त तणाचे बी कोण नेते? आपणच, शेणखताच्या गाडीतून. जनावरे बी खातात, त्यातले बरेच शेणातून जिवंत बाहेर येते. कोरडा, पसरलेला उकिरडा त्याला मारत नाही. पण तेच खत खड्ड्यात किंवा ढिगात भरून ओले ठेवले, मधून मधून खालवर केले, तर आतली उष्णता ५५-६० अंशांवर जाते. ओले बी आणि उष्णता, नियम तोच. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा, थोड्या वेळाने काढून हात लावा. हात टिकला नाही तर समजा, बी मरते आहे.

भावांनो, मायबहिणींनो, निंदणाचा खर्च सरकारच्या उत्पादनखर्चाच्या तक्त्यात कसा धरला जातो, याची भांडणे आपण भांडतोच आहोत आणि भांडत राहू. पण त्या तक्त्यात न दिसणारा खर्च बायांच्या कमरेत असतो. चार महिने वाकून राहायचे आणि रात्री घरी जाऊन चूल पेटवायची, याचा आकडा कुणी लिहीत नाही. तो आकडा कमी करायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

तेव्हा तीन कामे सांगतो. एक, उद्या प्रत्येकाने आपल्या सगळ्यात घाणेरड्या वावरातली दोन बोटांची माती एका घमेल्यात आणावी, पाणी घालून अंगणात ठेवावी. दहा दिवसांत काय उगवते ते पाहा, म्हणजे मृगानंतर कोणाशी गाठ आहे हे कळेल. दोन, पेरणीआधी घरातल्या बायांना सोबत घेऊन कोणते वावर आधी आणि कोणते शेवटी हे ठरवा. कोणत्या वावरात किती निंदावे लागले, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. तीन, दसऱ्यानंतर कपाशी वेचताना तरोट्याच्या शेंगा वाळायच्या आत झाडे उपटा, धुऱ्यावरचीसुद्धा. गोदामात नवा माल गेला नाही, तर जुना केव्हा तरी संपेलच.

त्या दारव्ह्याकडच्या बाईला आम्ही नंतर भेटलो. उत्तर घेऊन गेलो होतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘हे आधी सांगाचं होतं, साहेब.’

म्हणून आज, मृगाच्या आधी सांगितले.